पेटीवाचून गाणं अन् जाऊबाईंचा खर्ज

मैत्रिणींनो, लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत जाऊन आलेल्या बाईकडून काय काय ऐकावं लागतं, याचा तुम्हाला चांगलाच अनुभव असेल. तिथले रस्ते, तिथली दुकानं, तिथलं दूध! तेव्हा घाबरू नका, त्यातलं मी काहीच सांगणार नाही. मी सांगणार आहे तिथं टीव्हीवर पाहिलेल्या एका गाण्याच्या स्पर्धेबद्दल. आणि ती पाहता पाहता, भंडाऱ्याच्या आमच्या घरात पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या हातून झालेली एक चूक मला कशी कळली, त्याबद्दल.

ही गोष्ट २०११ सालची. सप्टेंबरच्या सुरुवातीला मी न्यू जर्सीला लेकीकडे पोचले. बरोबर डिंक, खारीक, आळीव, बाळंतशेपा असा सगळा सरंजाम. पण हौस अशी फिटली की विचारू नका! पहिल्याच दिवशी ओव्याची धुरी दिली, तर छतावरची धुराची घंटा अशी कोकलायला लागली की शेजारी धावत आले. जावयांनी खुर्चीवर चढून टॉवेल हलवून हलवून ती बंद केली. त्या दिवसापासून धुरी बंद, शेगडी बंद. लाडू मात्र केले, अन् जावयांनीच जास्त खाल्ले.

संध्याकाळी बाळाला मांडीवर घेऊन मी बसायची. लेक सोफ्यावर आडवी व्हायची. दर सोमवारी रात्री एनबीसी नावाच्या वाहिनीवर एक कार्यक्रम लागायचा, 'द सिंग-ऑफ'. १९ सप्टेंबरला त्याची तिसरी मालिका सुरू झाली. लेक म्हणाली, "आई, हे बघ, तुला आवडेल. यात वाद्यंच नाहीत."

मला वाटलं, वाद्यं नाहीत म्हणजे भजनं असतील!

नुसत्या गळ्याचं गाणं

वाद्यांशिवाय, नुसत्या गळ्यानं, चारसहा जणांनी मिळून गायचं. या प्रकाराला तिकडे 'अ कपेला' म्हणतात. शब्द इटालियन. अर्थ, 'चॅपेलच्या रीतीनं'. फार पूर्वी प्रार्थनामंदिरात तसं गात, म्हणून हे नाव. आता मात्र त्यात प्रार्थना कमी अन् सिनेमा-रेडिओची गाणी जास्त.

आपल्याकडे दहा बाया आरती म्हणतात तेव्हा दहाही जणी एकच चाल म्हणतात. इथं तसं नाही. एक जण मूळ चाल गातो. दुसरा त्याच वेळी वरच्या सुरात, तिसरा मधल्या सुरात त्याला धरून राहतो. चौथा अगदी खाली, खर्जात, तंबोऱ्यासारखा घुमतो. आणि पाचवा तोंडानं तबला वाजवतो! ओठ, जीभ, घसा यांनी ढोल, झांज, खुळखुळा, सगळं. त्याला बीटबॉक्सिंग म्हणतात. आपल्याकडे तबलजी मांडीवर ताल धरून बोल म्हणून दाखवतात ना, तशातलाच प्रकार. पण आपले बोल अक्षरांत असतात, यांचा नुसता आवाज असतो.

नियम सोपे होते. त्या वर्षी १६ गट होते. काही कॉलेजचे, काही नोकरी सांभाळून गाणारे. परीक्षक तिघं : पियानो वाजवणारे बेन फोल्ड्स, बॉईझ टू मेन या प्रसिद्ध गटातले शॉन स्टॉकमन आणि स्वतः गाणी लिहून गाणारी सारा बरेलिस. सूत्रसंचालक निक लशे. बक्षीस दोन लाख डॉलर आणि सोनी कंपनीचा ध्वनिमुद्रणाचा करार. अखेरच्या फेरीत लोकांनी मतं द्यायची, तोवर निकाल परीक्षकांचा.

एक रीत मला फार आवडली. जो गट हरेल त्यानं लगेच चालू लागायचं नाही. जाता जाता निरोपाचं एक गाणं गायचं, अन् मग जायचं. हरल्यावर गळा दाटलेला असतो, तरी सूर सोडायचा नाही. लेकीची पाठवणी करताना आपल्या बाया रडता रडता गातात, तेच मला आठवलं. बाळाच्या अंगावर टिपं पडायची, अन् लेक हसायची, "आई, तुझ्या ओळखीचे तरी आहेत का ते?"

कोण कसं गायलं?

आता मी काही गाण्यातली पंडित नव्हे. माहेरी चार वर्षं पेटीवर गाणं शिकले, सासरी भजनी मंडळात गायले, एवढंच माझं भांडवल. पण 'सारेगमप' आपण सगळ्यांनी घरात बसून तपासलेलं आहेच की! २००९ च्या फेब्रुवारीत आळंदीची कार्तिकी गायकवाड 'लिटिल चॅम्प्स' झाली, तेव्हा आमच्या गल्लीत कार्तिकीचा पक्ष अन् आर्याचा पक्ष अशी भांडणं झाली होती. त्याच वर्षी आपल्या विदर्भाची, हिंगणघाटची वैशाली हिंदी 'सारेगमप' जिंकली. लग्न झालेली, लेकुरवाळी बाई जिंकली म्हणून आम्ही पेढे वाटले होते. सांगायचा मुद्दा, कान तयार व्हायला पदवी लागत नाही.

पहिल्यापासून माझी नजर ज्यांच्यावर बसली तो गट पेंटॅटॉनिक्स. चार मुलं, एक मुलगी. त्यातली तिघं टेक्सासमधल्या आर्लिंग्टन गावचे शाळासोबती. बाकीचे दोघं नंतर येऊन मिळाले. पाचही जण पहिल्यांदा एकत्र भेटले ते निवड-चाचणीच्या आदल्या दिवशी! आमच्या मंडळात हळदीकुंकवाचं एक गाणं बसवायला तीन आठवडे लागतात अन् त्यात दोन रुसवे होतात. गटाचं नाव पाच सुरांच्या सप्तकावरून घेतलेलं. आपल्याकडे पाच सुरांच्या रागाला औडव म्हणतात. भूप घ्या, सा रे ग प ध. जावयांनी तो अर्थ सांगितला, तेव्हापासून मी त्या मुलांना 'भूपवाले' म्हणायला लागले.

त्यांनी 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार' हे १९७९ सालचं गाणं म्हटलं. टीव्ही आला अन् रेडिओवरच्या गायकाचे दिवस संपले, असा त्याचा आशय. आकाशवाणी नागपूर ऐकत मोठ्या झालेल्या मला हे समजायला दुभाषी कशाला लागतो? त्यांच्यातला केव्हिन ओलुसोला तोंडानं तबला वाजवायचा. येल विद्यापीठात शिकलेला, सेलोही वाजवणारा मुलगा. आणि अवी कॅप्लन नावाचा मुलगा असा खर्ज लावायचा की टीव्हीखालचं लाकडी कपाट थरथरायचं. मध्ये ती एकटी मुलगी, कर्स्टिन. ती कधी दोघांच्या वर तरंगायची, कधी हळूच त्यांच्यात मिसळून जायची. एक खोड मात्र मला खटकली. कधीकधी ठोक्यांचा दणदणाट इतका की शब्दच पोटात जायचे. गाण्यात शब्द ऐकू आले नाहीत तर ते माझ्या लेखी मीठ नसलेलं वरण.

दुसरे डार्टमथ एअर्स. न्यू हॅम्पशायरमधल्या डार्टमथ कॉलेजची मुलं. १९४६ पासून चालत आलेला गट, दरवर्षी जुने जातात, नवे येतात. सोळासतरा पोरं रंगीबेरंगी कपड्यांत नुसती उड्या मारायची. आधी मला वाटलं, हा काय धांगडधिंगा! पण त्यांनी क्वीन या जुन्या ब्रिटिश बँडच्या गाण्यांची माळ गुंफली, तेव्हा मी बाळाला पाळण्यात ठेवून नीट बसले. या क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी मुळात पारशी. आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला. घरचं नाव फारूख बलसारा. म्हणजे अमेरिकेतल्या त्या पोरांच्या तोंडच्या गाण्याचं एक मूळ साताऱ्याच्या डोंगरावर होतं! एवढे सगळे एका दमात गातात, एका दमात थांबतात. हे शिस्तीशिवाय होत नाही. उड्या होत्या, पण सूर जाग्यावर होता.

तिसरे अर्बन मेथड, कोलोरॅडोमधल्या डेन्व्हरचे. त्यांच्यात एक जण गायचाच नाही. भरभर, तालात बोलायचा. जावई म्हणाले, याला रॅप म्हणतात. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. पण आमच्या झाडीपट्टीत दंडारीत रात्रभर तालावर एकमेकांना प्रश्न-उत्तरं टाकतात, ती ऐकलेल्या बाईला ते अगदीच परकं वाटलं नाही.

माझे सगळ्यांत लाडके मात्र अॅफ्रो-ब्लू. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाची मुलंमुली. हे विद्यापीठ १८६७ साली, गुलामगिरी संपल्यावर दोनच वर्षांत स्थापन झालं. कृष्णवर्णीयांच्या शिक्षणाचं ते मोठं स्थान. त्यांचं गाणं जाझ ढंगाचं. सूर असे एकमेकांत गुंतलेले की पहिल्यांदा ऐकताना वाटावं, चुकले बहुतेक. अन् दुसऱ्याच क्षणी सगळे सूर एकत्र उघडावेत, जशी सकाळी दारं उघडतात. ते अखेरच्या फेरीला पोचले नाहीत. माझ्या मते अन्याय झाला. पण अवघड पदार्थाचं असंच असतं. करणारीला दिवस लागतो, अन् पंगत वाहवा करते ती जिलबीची.

२८ नोव्हेंबरला अखेरची फेरी झाली. पेंटॅटॉनिक्स पहिले, डार्टमथ दुसरे, अर्बन मेथड तिसरे. आमच्या घरात माझ्या भूपवाल्यांसाठी टाळ्या झाल्या, अन् बाळ दचकून उठलं.

पुढचंही सांगून टाकते. बक्षिसातल्या करारातून त्या पाच जणांच्या हाती फारसं काही लागलं नाही. मग त्यांनी स्वतःच यूट्यूबवर गाणी टाकायला सुरुवात केली अन् तिथून जगभर पोचले. २०१५, २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ तीन वर्षं त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाले. २०१७ मध्ये अवी गट सोडून गेला, त्याच्या जागी दुसरा आला. पण गट टिकला.

परीक्षकांचंही कौतुक केलं पाहिजे. कुणाला रडवणं नाही, कुणाची टिंगल नाही. बेन फोल्ड्स नेमकं सांगायचे, कुठला आवाज कुठं सरकला, कुठला भारी पडला. आपल्याकडे परीक्षक बरेचदा नुसतं 'जिंकलंस' म्हणतात नाहीतर डोळे पुसतात. शिकणाऱ्याला त्यातून काय मिळणार?

बायांचा गट अन् खालचा सूर

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते सांगते.

त्या स्पर्धेत डलायला नावाचा एक गट होता. सगळ्या मुली. वेगवेगळ्या गटांतून येऊन या स्पर्धेसाठी एकत्र झालेल्या. त्यांनी ब्रूनो मार्सचं 'ग्रेनेड' हे गाणं म्हटलं. मूळ गाणं पुरुषाचं. प्रेमात फसलेल्या माणसाचा आकांत. मुलींनी ते असं म्हटलं की मी आळिवाची वाटी हातात धरून तशीच बसून राहिले.

नुसत्या बायांच्या गटाला एक मोठी अडचण असते. वर जाणारे आवाज खूप, खाली जाणारा कुणीच नाही. घर बांधायचं अन् जोतं नाही, अशी गत. म्हणून अशा गटात खालच्या आवाजाच्या बाईला फार मान. तिला शोधून आणतात, तिच्या आवाजाला जपतात. ती खाली पाय रोवून उभी असते, म्हणून बाकीच्या वर झोके घेतात.

टीव्हीवर तो खालचा आवाज घुमला अन् लेक सोफ्यावरून उठून बसली. म्हणाली, "आई, मोठीआईचा आवाज असाच आहे ना ग? ती का नाही कधी गात?"

मोठीआई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई.

मी लेकीला उत्तर दिलं नाही. म्हटलं, बाळाची दुपटी वाळली का बघते.

कारण उत्तर मला ठाऊक होतं. १९८६ साली आमच्या भजनी मंडळानं एका स्पर्धेत भाग घ्यायचं ठरवलं. गाणारी मुख्य मी. पेटी माझ्या पट्टीला लागायची, काळी पाच. जाऊबाईंचा आवाज जाड, खाली जाणारा. वरच्या सुराला त्या गेल्या की आवाज फाटायचा. पोरी तोंडाला पदर लावून हसायच्या. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "जाऊबाई, तुम्ही उद्या नुसत्या टाळ्या धरा. ओठ हलवले तरी चालतील."

त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आल्या, माझ्या मागं बसल्या, टाळ्या धरल्या, ओठ हलवले. आम्हाला दुसरा नंबर मिळाला. मिळालेलं स्टीलचं पातेलं अजून घरात आहे. त्या दिवसानंतर जाऊबाई गायल्या नाहीत. आरतीतसुद्धा नाही. मला वाटायचं, नाही आवडत त्यांना. पंचवीस वर्षं मी तेच मानून चालले, कारण तसं मानणं सोयीचं होतं.

त्या सोमवारी रात्री न्यू जर्सीत मला झोप लागली नाही. जाऊबाईंचा आवाज वाईट नव्हताच. पट्टी त्यांची नव्हती. पट्टी माझी होती. ती खाली उतरवली असती तर माझा आवाज पडला असता, म्हणून पट्टी तशीच राहिली अन् गप्प बसायचं त्यांनी. गंगूबाई हनगलांचं गाणं मी रेडिओवर कितीदा ऐकलं असेन. घशाच्या उपचारांनंतर त्यांचा आवाज पुरुषासारखा जाड झाला, अन् त्याच आवाजावर त्या किराणा घराण्याच्या थोर गायिका झाल्या. पद्मविभूषण झाल्या. त्यांचं कौतुक करायचं, अन् आपल्या स्वयंपाकघरात तसाच आवाज आला की ओठ हलवायला सांगायचं. याला काय म्हणावं?

आपलंही हेच नव्हतं का?

जावयांनी मला नंतर मोबाईलवर पेन मसाला नावाच्या गटाची गाणी दाखवली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या भारतीय वंशाच्या मुलांनी १९९६ साली हा गट काढला. हिंदी अन् इंग्रजी गाणी एकत्र गुंफून, वाद्यांशिवाय गातात. २००९ च्या दिवाळीला ते अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी गायले. पुढे २०१५ साली 'पिच परफेक्ट २' या इंग्रजी सिनेमातही दिसले. जावई म्हणाले, "आई, बघा, आपलं गाणंही आता या पद्धतीनं गातात."

मी म्हटलं, "जावईबापू, आपलं गाणं या पद्धतीनंच होतं की!"

सांगा बरं मैत्रिणींनो, जात्यावरच्या ओवीला कुठं पेटी होती? साथ असेल तर ती जात्याच्या घरघरीची. पुणे भागात हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी अन् त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. सगळ्या बायांनी रचलेल्या, बायांनी गायलेल्या. आमच्या भंडारा जिल्ह्यात पावसाळ्यात धानाची रोवणी सुरू झाली की चिखलात वाकून ओळीनं बाया रोवतात अन् गातात. एक बाई ओळ टाकते, बाकीच्या ती उचलतात. कंबर मोडते, पण गाणं चाललं की हात चालतो. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर भुलाबाईची गाणी आम्ही घरोघरी म्हटली. टिपऱ्या अन् टाळ्या एवढीच साथ. शेवटी खिरापत ओळखायची. तिथं कुणाची पट्टी कुठली, हे कुणी विचारलं नाही. ज्या बाईचा आवाज खाली ती खालून म्हणायची, जिचा वर ती वरून.

मग पेटी आली, मंडळं आली, स्पर्धा आल्या, नंबर आले. पेटीला मी दोष देत नाही. तिनंच मला सूर शिकवला. पण पेटी आली अन् तिच्याबरोबर 'चांगला आवाज' अन् 'वाईट आवाज' अशी वाटणीही घरात आली. ती वाटणी माणसांनी केली, पेटीनं नाही.

जाऊबाई काय म्हणाल्या

२०१२ च्या जानेवारीत मी परत आले. जाऊबाईंसाठी शाल आणली होती. ती देताना बोलायचं ठरवलं होतं, पण धीर झाला नाही. महिना गेला. एक दिवस दोघी गच्चीवर तांदळाच्या पापड्या घालत होतो. मी एकदम म्हटलं, "जाऊबाई, त्या स्पर्धेच्या वेळी मी तुम्हाला ओठ हलवायला सांगितलं. चुकलं माझं."

त्यांनी मान वर केली नाही. पळीनं पापडी गोल करत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुले आजून आठवते का व ते?"

म्हटलं, "मला आत्ता आठवलं. तुम्हाला?"

"मी कवा विसरली?"

एवढंच. पुढं बराच वेळ कुणी बोललं नाही. पापड्या संपल्यावर मी मोबाईलवर लेकीनं पाठवलेली त्या मुलींची चित्रफीत लावली. जाऊबाईंनी चष्मा पुसून पाहिली. खालचा आवाज आला तशी त्यांची भुवई वर गेली. म्हणाल्या, "हे पोरगी तर माह्यावानीच गाते. अन् हिले कोनी हसत नाही?"

"तिच्यावाचून त्यांचं गाणं उभंच राहत नाही, जाऊबाई."

"मंग आपल्याच गाण्याले काहून लागत नव्हता खालचा आवाज?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या लगेच गायला लागल्या, असं सांगितलं तर ते खोटं होईल. होळी गेली, आखाडी गेली. श्रावणात एका संध्याकाळी वीज गेलेली असताना मी देवघरात गुणगुणत होते, अन् मागून, खालून, एक सूर येऊन मिळाला. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर थांबल्या असत्या.

त्या वर्षीच्या कोजागिरीला आमच्या आठ जणींच्या मंडळानं पहिल्यांदा पेटी न घेता गाणं म्हटलं. फार मोठं काही झालं असं समजू नका. दुसऱ्या कडव्यात दोघी भरकटल्या. सूर हळूहळू उतरत गेला अन् शेवटी आम्ही कुठल्या पट्टीत होतो ते देवालाच ठाऊक. एकीला हसू फुटलं. पण जाऊबाईंनी खालचा पंचम धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. आम्ही सगळ्या त्याला धरूनच परत घरी आलो म्हणायचं. दूध पिताना शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "खाली तंबोरा कोण लावत होतं हो?" जाऊबाई म्हणाल्या, "मीच. दुसरं कोन हाय येवढं जाडं?" अन् पहिल्यांदा त्याच स्वतःच्या आवाजावर हसल्या. ते हसणं वेगळं होतं.

तुमच्या मंडळात करून बघा

हे करायला अमेरिकेला जावं लागत नाही. चार-सहा जणी असल्या तरी पुरे. अनुभवानं कळलेल्या चार गोष्टी सांगते.

पट्टी आधी ठरवा, अन् ती मुख्य गाणारीच्या आवाजावरून नव्हे, सगळ्यांच्या आवाजावरून ठरवा. प्रत्येकीला सावकाश खालपासून वरपर्यंत सूर म्हणायला सांगा. कुठं कुणाचा आवाज ताणतो, कुठं मोकळा होतो, ते लिहून ठेवा. काळी पाच सगळ्यांना सोसते असं नाही. जाऊबाई एकट्या गातात तेव्हा आम्ही पांढरी चार घेतो, अन् त्यांचा आवाज कसा खुलतो म्हणता!

सुरुवातीला मोबाईलवरचा तंबोरा लावून घ्या. सगळ्यांचा 'सा' जुळला की तो बंद करा.

सुरुवातीला अवघड गुंतागुंत नको. अर्ध्या जणींनी चाल म्हणायची, दोघींनी खाली 'सा' किंवा 'प' नुसता धरून ठेवायचा. एवढ्यानंही गाणं भरतं. सूर धरणारीनं दम चोरून, आळीपाळीनं घ्यायचा. दोघींनी एकदम श्वास घेतला तर जोतंच निघून जातं.

वाद्य नसलं की सूर हळूहळू खाली उतरतो. मोठमोठ्या गटांचंही तसं होतं, तेव्हा लाजू नका. गाणं संपलं की पुन्हा तंबोरा लावून बघा, किती उतरलो ते. महिन्याभरात फरक दिसतो. ताल टाळीनं धरा, पण टाळी हलकी. टाळीखाली शब्द बुडता कामा नयेत.

आणि शेवटचं. ज्या बाईला तुम्ही 'तुझा आवाज नाही ग गाण्याचा' असं म्हटलं असेल, तिच्याकडे आधी जा. आपल्या ओळखीत अशी एकतरी असतेच. नणंद असेल, सून असेल, शाळेतली मैत्रीण असेल. कधीकधी ती आपणच असतो.

जाऊबाईंनी आता पंच्याहत्तरी ओलांडली आहे. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. पण पहाटे त्यांच्या खोलीतून खर्ज ऐकू येतो. माझा आवाज मात्र वयानं उतरला. काळी पाच आता झेपत नाही. परवा मीच म्हटलं, "जाऊबाई, मला तुमच्या पट्टीत घेता का?"

म्हणाल्या, "ये की. ओठ मात्र नुस्ते हालवू नोको."